फुकटच्या छपराखालची तक्रार

“फुकट मिळतंय ना, मग तक्रार कसली?” हे वाक्य तुम्ही कुठे ना कुठे ऐकलं असेल. सरकारी दवाखान्याच्या रांगेत, रेशनच्या दुकानात, वसतिगृहाच्या मेसमध्ये. बोलणारा माणूस दुष्ट असतोच असं नाही. त्याच्या डोक्यात एक सरळ हिशोब असतो: पैसे मोजले की कुरकुर करायचा हक्क मिळतो. पैसे मोजले नाहीत, तर आपल्या वाट्याला उरतात ते फक्त आभार.

हा हिशोब मला चुकीचा वाटतो. पण तो का चुकीचा आहे, हे सांगणं दिसतं तेवढं सोपं नाही. मदत म्हणून मिळालेल्या घरात राहणाऱ्यांनी एकत्र येऊन मागणी करावी का? केली, तर कोणत्या हक्काने? हा प्रश्न मला पुस्तकात नाही, आमच्या जुन्नर-आंबेगावच्या डोंगरपट्ट्यात भेटला. म्हणून उदाहरणंही तिथलीच घेते.

३० जुलै २०१४ ची सकाळ आमच्याकडे कुणी विसरलेलं नाही. डोंगर कोसळला आणि माळीण गाव त्याखाली गेलं. १५१ माणसं गेली. नेहमीच्या एसटीच्या चालकाला गाव जागेवर दिसलं नाही, तेव्हा बाहेर बातमी पोचली. पुढे जवळच आमडे इथे नवं माळीण उभं राहिलं. २ एप्रिल २०१७ ला तेव्हाचे मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्या हस्ते घरं लोकांच्या ताब्यात दिली गेली. पक्की घरं, रस्ते, शाळा. आणि त्याच जूनमध्ये, पहिल्याच जोराच्या पावसात, नव्या गावठाणातले रस्ते खचले, भराव सरकला, भेगा पडल्या. लोक घाबरले आणि बोलले.

तेव्हा “एवढं सगळं करून दिलं, तरी यांचं समाधान नाही” असं म्हणणारे मी ऐकले आहेत. पण जरा विचार करा. ज्यांची माणसं एकदा मातीखाली गेली, त्यांना जमिनीवरची बोटभर भेग कशी दिसत असेल? इंजिनिअरच्या कागदावर ती दुरुस्तीची एक बाब असेल. तिथे राहणाऱ्याला ती रात्री झोपू देत नाही. पाणी कुठून उतरतं, कुठे मुरतं, कुठली माती पावसात फुगते, हे ज्याला रोज दिसतं तोच ते सांगू शकतो. म्हणजे तक्रार ही आधी माहिती असते. घर देणाऱ्याकडे पैसा असतो, जमीन असते, नकाशे असतात. पण त्या घरात पावसाळ्याची एक रात्र काढल्यावर जे कळतं, ते त्याच्याकडे नसतं. घेणाऱ्याला गप्प बसवलं की ही माहितीही गप्प होते, आणि त्याची किंमत काय असू शकते हे आमच्या तालुक्याला कुणी शिकवायला नको.

हे पटायला सोपं आहे, कारण माळीणमध्ये जिवाचा प्रश्न होता. पण प्रश्न फक्त गरम पाण्याचा असेल तर?

मी कॉलेजच्या वर्षांत तालुक्याच्या गावी एका सरकारी वसतिगृहात राहत होते. राहणं-जेवण मोफत. वरच्या वाड्या-वस्त्यांमधून आलेल्या मुली. एका थंडीत छतावरचा सोलर बंद पडला. एकेक मुलगी जाऊन सांगायची आणि एकच उत्तर घेऊन परत यायची: “घरी काय गरम पाणी मिळत होतं का?” या प्रश्नाला उत्तर नसतं, कारण खरं उत्तर बहुतेकींचं “नाही” असंच होतं. घरी चुलीवर एक हंडा तापायचा, तोही सगळ्यांना पुरायचा नाही. प्रश्न विचारणाऱ्याला ते माहीत होतं. त्यात पाण्याची चौकशी नव्हती. तू कुठून आलीस ते विसरू नकोस, एवढंच त्यात सांगायचं होतं.

मग एका वरच्या वर्गातल्या ताईने कागद आणला. त्यावर अर्ज लिहिला, खाली बत्तीस सह्या झाल्या, आणि तिने ऑफिसात जाऊन पोच मागितली. शिक्का, तारीख, आवक क्रमांक. सोलर दुरुस्त व्हायला त्यानंतरही बरेच दिवस गेले. पण त्या आवक क्रमांकाने एक गोष्ट लगेच बदलली. बत्तीस जणींना एकदम “घरी काय मिळत होतं” असं विचारता येत नाही. एकटी मागते तेव्हा तिच्या मागणीकडे बघताना तिची लायकी तपासली जाते. सगळ्या मिळून मागतात तेव्हा नाइलाजाने मागणीच वाचावी लागते. रहिवाशांच्या संघटनेचं नैतिक काम मला इथे दिसतं. संख्येची ताकद दुय्यम आहे. संघटना माणसाला आभाराच्या ओझ्याखालून थोडं बाजूला काढते, म्हणजे मुद्द्यावर बोलता येतं.

या ओझ्याबद्दल फ्रेंच समाजशास्त्रज्ञ मार्सेल मोसने १९२५ मध्ये एक निबंध लिहिला. त्याचं निरीक्षण असं, की कुठल्याच समाजात देणगी नुसती देणगी नसते. तिच्यासोबत परतफेडीचं बंधन येतं. परत काहीच देता आलं नाही, तर घेणारा खालच्या पायरीवर राहतो. हे समजायला मोसची गरज नाही, लग्नाच्या आहेराची वही पुरे. पण मग ज्याला परतफेड करताच येणार नाही, त्याने काय करायचं?

महाराष्ट्रात वसतिगृहांच्या चळवळीला हा प्रश्न पडला होता. शाहू महाराजांच्या काळात कोल्हापुरात वसतिगृहं निघाली, १९२५ मध्ये बहिष्कृत हितकारिणी सभेने सोलापुरात वसतिगृह काढलं, आणि कर्मवीर भाऊराव पाटलांनी साताऱ्याच्या वसतिगृहात ‘कमवा आणि शिका’ रुजवलं. मुलगा शेतात राबेल, स्वयंपाकाला हात लावेल, आणि ताठ मानेने जेवेल. हे उत्तर मोठं आहे, मला ते आवडतं. पण ते सगळ्यांना पुरत नाही. अंथरुणाला खिळलेली म्हातारी, मनाच्या आजाराशी झगडणारा माणूस, सहा वर्षांचं पोर, यांनी काय कमवायचं? श्रम करून मान मिळत असेल, तर श्रम करू न शकणाऱ्याला मान नाही, असा त्याचा उलटा अर्थ निघतो.

दुसरं उत्तर आमच्या भागात वारंवार ऐकू येतं: “आम्ही आधीच दिलंय.” घोड नदीवर डिंभे धरण झालं. ज्या आंबेगावचं नाव तालुक्याला आहे, ते जुनं आंबेगावच पाण्याखाली गेलं. कालव्याचं पाणी खालच्या भागातल्या शेतांना मिळालं आणि डोंगरातल्या लोकांची भाताची खाचरं बुडाली. मग सरकारी घर, वसतिगृह, सवलत ही मदत आहे की उधारीची फेड? हा सवाल रास्त आहे. धरणग्रस्त आदिवासींनी ‘शाश्वत’ संस्थेच्या साथीने संघटित होऊन त्याच जलाशयात मासेमारीचा हक्क मिळवला, पाणी उतरल्यावर उघड्या पडणाऱ्या गाळपेरीच्या जमिनी कसल्या. २०१२ मध्ये या कामाला संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा इक्वेटर पुरस्कार मिळाला. इथे घेणारा कोण आणि देणारा कोण, हे चित्र पार उलटतं.

तरीही या उत्तरावर सगळी इमारत उभी करायला मी कचरते. कारण मग ज्याची जमीन गेली नाही, ज्याच्या आजोबांनी काही गमावलं नाही, जो नुसताच गरीब आहे, त्याला विचारलं जाईल: तू काय दिलंस? हक्क जुन्या पावतीवर चालायला लागला, तर पावती हरवलेल्यांचं काय?

म्हणून मला वाटतं, हक्क याहून साध्या जागी आहे. जो त्या छपराखाली राहतो, त्याला त्या छपराबद्दल बोलायचा हक्क आहे. त्याने पैसे दिले का, श्रम दिले का, जमीन दिली का, हे प्रश्न नंतरचे. छप्पर गळलं तर भिजणारा तो आहे, एवढं पुरेसं आहे. आभार मानणं आणि तक्रार करणं यात विरोधही नाही. आपण आईच्या हातचं जेवतो आणि “आज मीठ कमी पडलं” असंही म्हणतो. त्याने आईचं ऋण कमी होत नाही. उलट, जिथे मीठ कमी आहे असं म्हणता येत नाही, तिथे आपण पाहुणे असतो.

हे बोलणं जमावं म्हणून काहीतरी सामाईक असावं लागतं. २०१८ मध्ये आदिवासी वसतिगृहांतल्या मेस बंद करून जेवणाचे पैसे थेट खात्यात द्यायचं धोरण आलं, तेव्हा जुलैमध्ये विद्यार्थी पुण्याहून नाशिककडे पायी निघाले. वाटेत मंचर लागतं, नारायणगाव लागतं. सिन्नर तालुक्यात पोलिसांनी त्यांना अडवलं. पैसे हातात येत असताना विरोध कशाला, असं अनेकांना वाटलं. पैसे उशिरा येतात, पुरत नाहीत, ही कारणं होतीच. मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. मेसची पोळी कच्ची निघाली तर शंभर जणांची एकच तक्रार असते. पैसे शंभर खात्यांत गेले की शंभर वेगवेगळ्या अडचणी होतात आणि प्रत्येकाने आपापली निस्तरायची. थेट पैशात स्वातंत्र्य आहे, ते मी नाकारत नाही. पण त्यात एकत्र बसून भांडायचं टेबल जातं.

आता संघटनेवरही संशय घ्यायला हवा. आमच्या वसतिगृहात पुढे समिती झाली, मागण्यांची यादी झाली, हात वर करून क्रम ठरला. गरम पाणी पहिलं, आरसा तिसरा. सगळ्यात शेवटची मागणी एकाच मुलीची होती, तीही ताईने तिच्या वतीने मांडलेली: दिवाळीच्या सुट्टीत वसतिगृह बंद करू नका. तिचे आईवडील मजुरीला नारायणगावकडे गेलेले, गावाकडच्या घराला कुलूप. सुट्टीत तिला जायला जागाच नव्हती. मतं मोजली तर तिच्या बाजूने एकच हात. गरज मोजली तर सगळ्या यादीत तिच्याइतकी मोठी कुणाचीच नव्हती.

आधाराची जिथे सर्वांत जास्त गरज असते, तिथला माणूस बैठकीत सर्वांत कमी बोलतो. कधी तो येतच नाही. मग अध्यक्ष बोलतो, ज्याला अर्ज लिहिता येतो तो बोलतो, आणि “आम्ही सगळे” म्हणजे प्रत्यक्षात चार जण असतात. “तुला काय कमी आहे?” हे देणाऱ्याचं वाक्य हळूहळू संघटनेच्याच तोंडी यायला लागतं. म्हणून संघटना चांगली की वाईट हे ठरवताना तिने किती मागण्या मान्य करून घेतल्या, हे मी आधी बघत नाही. एकाच हाताची मागणी तिच्या यादीत कुठे आहे, ते बघते.

तुमच्यापैकी कुणी वसतिगृहात राहत असेल, कुणाचं कुटुंब पुनर्वसनाच्या गावात असेल, कुणी संक्रमण शिबिरात वर्षानुवर्षं वाट बघत असेल. “फुकट मिळतंय ना” हे वाक्य पुन्हा ऐकाल तेव्हा बोलणाऱ्याशी वाद घालत बसू नका. शेजारच्या खोलीचं दार वाजवा, कागद काढा. सह्या घ्यायच्या आधी, जो खोलीबाहेर आलाच नाही त्याला काय हवंय ते विचारून या. मग अर्ज द्या, आणि पोच घ्यायला विसरू नका.