शिडीपाशी थांबताना

चि. सई,

फोनवर तू भरभर बोलतेस आणि माझं सांगणं अर्ध्यातच राहतं, म्हणून लिहायला बसलो. कळसूबाईला जायचं ठरवलंस हे फार छान केलंस. १६४६ मीटर, आपल्या राज्यातलं सगळ्यात उंच शिखर, ते एकदा तरी पायाखालून गेलंच पाहिजे. तुझे पाय दणकट आहेत आणि मन त्याहून चांगलं आहे, त्याची मला चिंता नाही. चिंता एवढीच, की शनिवारी रात्री निघून रविवारी संध्याकाळी घरी, असा तुझा बेत आहे.

अगं, पावसाळ्यातल्या शनिवारी रात्री बारी गावातून वर पाहिलं तर बॅटऱ्यांची माळच्या माळ डोंगराला लागलेली दिसते. सूर्योदय गाठायचा म्हणून सगळे एकदमच निघतात आणि लोखंडी शिड्यांपाशी येऊन सगळेच अडकतात. त्यातून ढग खाली आले की सूर्य काही दिसत नाही. तेव्हा एखादी रजा टाक आणि मधल्या वारी जा. रजा जपून वापरायची तुझी सवय मला आवडते, पण साठवलेलं अशाच कामाला काढायचं असतं ना! कसाऱ्यापर्यंत लोकल आहे, पुढे घाट चढून घोटी आणि घोटीहून बारी. उजेड असतानाच गावात पोच, कुणाच्या तरी घरी पिठलं-भाकरी जेव, लवकर पाठ टेक आणि तांबडं फुटताना चालायला लाग. पहाटे उठायला तुला लहानपणीही कधी दुसरी हाक मारावी लागली नाही.

गावातल्या म्हाताऱ्या माणसांना काळसूची गोष्ट विचार. केर काढणार नाही, भांडी घासणार नाही, या अटीवर पाटलाकडे कामाला राहिलेली ती पोर. अट मोडली तशी डोंगर चढून गेली आणि वरच राहिली, असं सांगतात. नवरात्रात तिची जत्रा असते. तेव्हा गेलीस तर ओटी घेऊन निघालेल्या बायाबापड्यांना आधी वाट दे. ती गर्दी घरच्या माणसांची आहे, पाहुणे आपण.

आणि एवढं करूनही गर्दी लागलीच, तर लागू दे. शिडीपाशी रांग लागली की काहीजण कंटाळून बाजूच्या गवतातून वर घुसतात. तू तसं करणार नाहीस हे मला ठाऊक आहे, पण बरोबरच्यांनाही धरून ठेव. पावसात भिजलेली ती माती पायाखाली सुटते, पुढच्या पावसात तिथूनच पाणी वाहायला लागतं आणि वाटेचा ओहोळ होतो. शिवाय तिथून सुटलेला दगड खाली उभ्या असलेल्या कुणाच्या तरी डोक्यात जायचा. चुकून तुझ्या पायानं दगड घसरलाच तर लाजू नकोस, मोठ्यानं ‘दगड!’ म्हणून ओरड. रांगेत उभं राहिलं की घाम गार होतो आणि वारा अंगात शिरतो, म्हणून एक कोरडा सदरा सॅकमध्ये वरच ठेव. फोन मात्र आत टाक, दोन्ही हात मोकळे हवेत. पुढचा माणूस शिडी सोडून बाजूला झाला की मगच पाऊल टाक, आणि उतरताना तोंड शिडीकडे कर, पाठ नको. ओलं लोखंड फार निसरडं असतं गं. विजा चमकायला लागल्या तर शिडीवर चढायचंच नाही, वर कितीही जवळ दिसत असलं तरी. आल्या पावली मागे फिर. शिखर पुढच्या महिन्यातही तिथेच असेल आणि त्यासाठी मी पुन्हा तिकिटाचे पैसे देईन.

पाणी घरूनच बाटल्या भरून ने. वाटेवर लिंबू-सरबत घेऊन बसलेल्या मावशीकडून सरबत जरूर घे, सुटे पैसे हाताशी ठेव. तुझ्या खाऊचे कागद तुझ्याच पिशवीतून परत येतील, ते सांगायला नको.

वर टेकलीस की घाईनं उठू नकोस. धुकं फाटलं तर पश्चिमेला अलंग, मदन, कुलंग ओळखून बघ, खाली भंडारदऱ्याचं पाणी दिसेल. मग मागून येणाऱ्यांना जागा कर.

रजा कुठल्या वाराची मिळते ते कळव. आजीला लाडू त्या हिशेबानं करायचे आहेत.

तुझे
आजोबा