फळ कोणाच्या पदरी?

संशोधन संस्थेचे मोल तिच्या प्रकाशनांच्या आकड्यावर ठरवावे काय, हा प्रश्न वरवर प्रशासकीय वाटतो. मुळात तो कर्म आणि फळ यांच्या नात्याचा आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात १९४८ साली सु. मं. कत्रे यांनी ऐतिहासिक तत्त्वावरच्या संस्कृत कोशाचे काम हाती घेतले. ऋग्वेदापासून पुढच्या सुमारे १,५०० ग्रंथांतून शब्द वेचून जवळपास १ कोटी चिठ्ठ्या लिहिल्या गेल्या. चिठ्ठीवर शब्द, तो जिथे आला ते वाक्य, ग्रंथातले नेमके स्थळ. छापील कोशाचा पहिला भाग अ. मा. घाटगे यांच्या संपादनाखाली निघाला तो १९७६ मध्ये. मधली २८ वर्षे वार्षिक मोजणीत कोशाच्या नावावर शून्यच पडले असते, आणि तरीही पुढचे सारे त्याच शून्यावर उभे आहे.

जनतेचा पैसा आहे, हिशेब नको का, असे कोणी विचारील. हवाच. निष्कामतेच्या नावाखाली आळस लपतो, हा आक्षेपही मला खरा वाटतो. पण फळावरचा हक्क सोडणे म्हणजे कामातली काटेकोर निष्ठा सोडणे नव्हे. स्थळनिर्देश बरोबर आहे का, अर्थ कालक्रमाने लावले आहेत का, हे आजही तपासता येते आणि कठोरपणे तपासावे. त्या चिठ्ठीचा उपयोग ज्याला होणार तो अभ्यासक कदाचित अजून जन्मायचा आहे. त्याची साक्ष यंदाच्या अहवालात मागता येत नाही.