मनात आणलं की सुटतो?

"गांजाच ना? मनात आणलं की सुटतो," असं ओळखीचे एक निवृत्त शिक्षक परवा म्हणाले. विषय निघाला होता कॉलेजात जाणाऱ्या एका मुलाचा. ते वाक्य अजून सलतं आहे.

गांजाने काय बिघडतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. पण निर्धार करणं वेगळं आणि आपला निर्धार नेमका कुठे मोडतो हे बघणं वेगळं. सीबीटी, म्हणजे बोधात्मक वर्तनोपचार, हे दुसरं काम करतो. ओढावंसं कधी वाटलं, सोबत कोण होतं, त्याआधी मनात काय आलं, हे लिहायचं. 'याच्याशिवाय झोप येणार नाही' हा विचार पुरता खोटाही नसतो. सोडल्यावर सुरुवातीला चिडचिड होते, झोप मोडते. पण हे दिवस सरतात, एवढं आधी कळलेलं असलं तर ती रात्र काढता येते.

महाराष्ट्राला हे परकं नाही. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५०च्या दशकात मांडलेलं, सीबीटीच्याच कुळातलं विवेकनिष्ठ मानसोपचारशास्त्र कि. मो. फडके यांनी मराठीत आणलं, तेही एलिस यांच्याशी वर्षानुवर्षं पत्रव्यवहार करून. विचार तपासून बघण्याची अशी चिकाटी मला फार मोलाची वाटते.

शिक्षक म्हणतील, गुण किती? अमेरिकेत ४५० प्रौढांवर झालेला एक अभ्यास २००४मध्ये प्रसिद्ध झाला. सीबीटीचा समावेश असलेली नऊ सत्रं मिळालेल्यांपैकी चार महिन्यांनी सुमारे २३ टक्के गांजापासून पूर्ण दूर होते; उपचारासाठी थांबवून ठेवलेल्यांत जेमतेम ४ टक्के. म्हणजे चारांतले तीन सुटले नाहीत. मात्र नऊ सत्रं घेतलेल्यांचे ओढण्याचे दिवस बरेच कमी झाले होते. इथे पूर्ण सुटण्याचा माझा आग्रहही सैल होतो.

कारण एकदा घसरल्यावर 'झालं, आपल्याच्याने होत नाही' हा विचार मुलाला पुन्हा रोजच्या ओढण्याकडे नेतो. आणि तो येतो शिक्षकांच्याच वाक्यातून: मनात आणून सुटत असेल, तर न सुटणारा नालायकच ठरतो! सीबीटीला त्या मुलाच्या डोक्यातलं हे वाक्यही खोडायचं असतं.

१९८५च्या अमली पदार्थविरोधी कायद्याचं कलम ६४अ स्वेच्छेने उपचार पूर्ण करणाऱ्या व्यसनी माणसाला किरकोळ गुन्ह्याच्या खटल्यातून सूट देतं. घरचे एवढी सवलत देत नाहीत. "सोडलास का?" असं दरडावण्यापेक्षा या आठवड्यात किती दिवस ओढला नाहीस आणि ते कसं जमलं, हे त्यांनी विचारावं.