कब्जेदाराची ओळख

पनवेलीस वडाळे तळ्याच्या बाजूस आमचे जे जुने घर आहे, त्याच्या परसातील फणसाच्या बुंध्यावर मी चिमण्यांसाठी म्हणून एक लाकडी पेटी ठोकविली होती. परंतु सुताराने भोक दोन बोटांऐवजी चांगले चार बोटे रुंद पाडले, आणि ज्यांच्या नावे ती जागा राखून ठेवली होती त्या चिमण्यांना वगळून चैत्राच्या अखेरीस भलत्याच पक्ष्याने, कसलाही दस्तऐवज न करता, तिचा कब्जा घेतला.

काड्या नि मुळ्या घेऊन आत शिरणारी पक्षीण राखी रंगाची, साळुंकीहून लहान, शेपटी उभारण्याची खोड असलेली होती. ती चिमणी नव्हे, साळुंकी नव्हे, एवढी खातरजमा झाली. दिङ्नागाच्या परंपरेतील बौद्ध शब्दाचा अर्थच इतरांची व्यावृत्ती असा लावतात. माझा तपास त्यांच्याच वाटेने चालला होता म्हणायचा, आणि तेथेच तो अडला.

तो सोडविला कर्नाळ्याच्या बाजूच्या वाडीवरून करवंदे विकावयास येणाऱ्या एका ठाकरणीने. "बाबा, मादीला काय बघता, नर बघा. डोकं-छाती कावळ्यावाणी काळी, पोट बगळ्यावाणी पांढरं, अन् पहाटं शीळ घालतो. दयाळ हाय तो." दुसऱ्या दिवशी उजाडताना कौलांच्या आढ्यावर तो नर बसलेला पाहिला मात्र, आणि 'हाच दयाळ' हे वाक्य माझ्या मनात आपोआप उमटले.

न्यायशास्त्रात उपमान-प्रमाणाचे जे उदाहरण शिकवितात त्यात एक नगरवासी असतो, त्याला गवय ठाऊक नसतो, आणि अरण्यवासी त्यास गवय गाईसारखा असतो असे सांगतो. पुढे रानात तो प्राणी दृष्टीस पडताच 'गवय' या शब्दाचा वाच्य हाच, असे ज्ञान त्यास होते. वैशेषिक हे ज्ञान अनुमानाच्या खात्यात जमा करतात. माझा कौल मात्र नैयायिकांस आहे. कारण त्या पहाटे मी काहीही अनुमानिले नव्हते, कावळा आणि बगळा एका देहात भेटले एवढेच. ते उदाहरण रचणाऱ्याने अरण्यवासी अकारण घातलेला नाही, हेही तेव्हाच कळले.

परंतु कळले ते काय? एक जाती कळली. पेटीतला हा पक्षी, हा एकच, त्याची ओळख पटली असे म्हणता येईल काय? सालिम अलींनी पोरवयात, 1906-07 च्या सुमारास केलेली एक नोंद येथे आठवते. तबेल्याच्या भिंतीतील भोकात चिमणी अंडी उबवीत होती. बाहेर पहारा देणारा चिमणा त्यांनी मारला, तर थोड्याच वेळात दुसरा नर त्याच जागी येऊन बसला. असे सात दिवसांत आठ नर त्यांनी टिपले. आठांपैकी कोणाच्याही बाबतीत नावाची चूक नव्हती. ज्या गृहस्थाने पुढे 1941 साली भारतीय पक्ष्यांवरचा ग्रंथ लिहून आपल्या लोकांस पक्षी ओळखावयास लावले, त्याच्या दप्तराचे हे पहिल्या पानांपैकी एक पान आहे, आणि मला ते वाचताना अजूनही थंडी वाजते.

यंदा पेटीत पुन्हा दयाळाची जोडी आली. घरातील मंडळी म्हणाली, "आपलीच ती." नैयायिक या प्रत्यभिज्ञेस वस्तूच्या स्थैर्याचा दाखला मानतात, बौद्ध दिव्याच्या ज्योतीकडे आणि कापून पुन्हा उगवलेल्या नखांकडे बोट दाखवितात, जेथे सारखेपणाला आपण तेच-पणा समजतो. शब्दाच्या बाबतीत नैयायिकांच्या पारड्यात टाकलेले माझे मत येथे टाकावयास हात धजत नाही. शास्त्रज्ञ पक्ष्याच्या पायात क्रमांकाचे कडे घालून हा वाद मिटवितात. म्हणजे व्यक्तीपाशी पोहोचल्यावर नाव संपते आणि आकडा सुरू होतो. तसे कडे घालण्याची माझी इच्छा नाही.

काल मादी बाहेर गेली असता शिडी लावून डोकावलो. फिकट निळसर-हिरव्या, तपकिरी ठिपक्यांच्या चार अंड्यांवर कवडसा पडला होता. खाली उतरलो तेव्हा सौभाग्यवती वेळणीत पाणी ओतीत होती आणि आढ्याकडे पाहून विचारीत होती, "आलास का रे?" मी शिडी उचलून पडवीत नेली.