सांगणाऱ्याचं नाव

जुन्या पोथ्यांच्या सूचीचा लिंक्ड डेटा करण्याचं काम मी नांदगाव पेठेत बसून करतो. प्रत्येक गावाला, माणसाला, ग्रंथाला इंटरनेटवर एक कायमचा पत्ता द्यायचा आणि त्यांची आपसातली नाती यंत्राला कळतील अशी लिहायची. अमरावती जिल्ह्यात नांदगाव पेठ आहे तसं नांदगाव खंडेश्वरही आहे. दोन्हींचे पत्ते वेगळे केले की झालं. ऋद्धिपूर, रिद्धपूर ही एकाच गावाची नावं. ती एका पत्त्याखाली आणली की तेही झालं.

मन अडतं ते माणसांपाशी. चांगदेव राऊळ आणि चक्रधरस्वामी यांच्यात ‘तोच’ ही खूण करू का? महानुभाव पंथाच्या श्रद्धेनुसार चांगदेव राऊळांनी देह ठेवला आणि भडोचच्या हरिपाळदेवाच्या देहात प्रवेश केला, तेच चक्रधर. पण पंचकृष्णांत, म्हणजे पंथाच्या पाच अवतारांत, दोघांची गणना वेगळी होते, आणि मधे गोविंदप्रभू आहेत, चांगदेवांचे शिष्य आणि चक्रधरांचे गुरू. ‘तोच’ लिहिलं की यंत्र एकाची सगळी माहिती दुसऱ्याला लावतं. चक्रधर आपल्याच गुरूचे गुरू होतात. श्रद्धेला ते पेलतं. यंत्राला त्यातलं काहीच कळत नाही, ते फक्त पुढे पाठवतं. आणि खूण टाळली, तर पंथानं शतकानुशतकं जपलेली गोष्ट माझ्या हातून गळते. ‘मृत्यू’ या रकान्याचंही तसंच. पंथ म्हणतो, स्वामी उत्तरापंथे गेले. काही अभ्यासक त्यांचा वध झाला असं मानतात. तिथे मी एखादं साल टाकलं, तर ते कोणाच्या वतीनं?

मग स्वतःला विचारतो, रकाना भरायची ही ओढ ज्ञानाची आहे की नीटनेटकेपणाची? बहुतेक वेळा उत्तर दुसरं येतं, आणि ते मला टोचतं.

तेराव्या शतकात म्हाइंभटांनी चक्रधरांच्या सहवासातल्या माणसांना विचारून विचारून लीळा, म्हणजे स्वामींच्या आठवणी, गोळा केल्या. पुढे पाठ निराळे झाले, तेव्हा ही अमक्याची वासना (म्हणजे पाठ), ही तमक्याची, असं पोथीतच लिहिलं गेलं. माझी नोंद याहून कमी प्रामाणिक असून कसं चालेल? सिडॉक सीआरएम या आंतरराष्ट्रीय मानकात कोणतं विधान कोणी केलं हे नोंदायची सोय आहे; विकिडेटातही विधानाला संदर्भ जोडता येतो. वेळ जास्त जातो. जाऊ दे.

‘तोच’ ही खूण मी करणार नाही. नातं लिहीन, आणि ते महानुभाव परंपरा सांगते, हे त्याच नोंदीत लिहीन. वऱ्हाडात ज्यांच्या घरी, मठात पोथ्या आहेत त्यांना एवढीच विनंती: माहिती द्याल तेव्हा ती कोणाकडून ऐकली, तेही सांगा.