विक्रम हे वतन नव्हे

बुलावायोच्या कसोटीत ३६७ धावांवर नाबाद असलेल्या वियान मुल्डरने डाव घोषित केला, म्हणजे गडी शिल्लक असताना कर्णधार या नात्याने आपल्याच संघाची फलंदाजी थांबवली, हा त्याच्या अधिकारातील निर्णय होता. खटकते ते त्यामागचे कारण, जे २०२५ मध्ये त्या सामन्यानंतर संस्कार म्हणून गौरवले गेले: ब्रायन लारा थोर आहे, म्हणून कसोटीच्या एका डावातील सर्वाधिक, नाबाद ४०० धावांचा विक्रम त्याच्याकडेच राहावा. संघाच्या धावा पुरेशा झाल्या होत्या, हे दुसरे कारण रास्त आहे आणि तेवढेच सांगितले असते तर वाद उरला नसता.

धावपुस्तक, म्हणजे प्रत्येक चेंडूची नोंद ठेवणारी वही, धावा लिहिते. थोरवीसाठी तिच्यात रकाना नसतो. १९३८ मध्ये ओव्हलवर २२ वर्षांच्या लेन हटनने ३६४ धावा करून वॉली हॅमंडचा नाबाद ३३६ धावांचा उच्चांक मोडला, तेव्हा हॅमंड स्वतः इंग्लंडचा कर्णधार होता आणि डाव घोषित करणे त्याच्याच हाती असूनही त्याने हटनला खेळू दिले. हटनचा विक्रम १९५८ मध्ये किंग्स्टनला २१ वर्षांच्या गॅरी सोबर्सने मोडला, आणि नाबाद ३६५ धावांची ती खेळी त्याचे पहिलेच कसोटी शतक होते. १९९४ मध्ये अँटिग्वाला २४ वर्षांच्या लाराने ३७५ धावा केल्या, तेव्हा सोबर्स अभिनंदनासाठी मैदानात चालत आला. २००३ मध्ये मॅथ्यू हेडनने ३८० धावा करून तो उच्चांक हिरावला आणि अवघ्या सहा महिन्यांत लाराने तो परत मिळवला. या सर्वांनीच थोरांपुढे असे हात जोडले असते, तर ज्याच्या मानासाठी मुल्डर थांबला त्या लाराच्या नावावर हा विक्रम लागलाच नसता. विक्रम मोडण्याचा प्रयत्न न करणे म्हणजे आदर, ही समजूत विक्रमाला वतन मानते आणि कर्तृत्वाला कुळाचार.

आपखुशीने न थांबलेल्याचीही एक गोष्ट आहे: डिसेंबर १९४८ मध्ये पुण्यात काठेवाडविरुद्धच्या रणजी सामन्यात महाराष्ट्राचे भाऊसाहेब निंबाळकर ४४३ धावांवर नाबाद होते, आणि प्रथम श्रेणीतील, म्हणजे कसोटी व त्याखालच्या प्रमुख दीर्घ सामन्यांतील, डॉन ब्रॅडमनचा नाबाद ४५२ धावांचा उच्चांक गाठायला त्यांना नऊ धावा हव्या होत्या. काठेवाडच्या कर्णधाराने, म्हणजे राजकोटच्या संस्थानिकांनी, महाराष्ट्राने डाव घोषित करावा असा आग्रह धरला आणि तो मान्य न झाल्याने सामनाच सोडून दिला. विक्रमाशेजारी आपल्या संघाचे नाव येऊ नये, हा त्यामागील हेतू सांगितला जातो. कोल्हापुरात जन्मलेल्या आणि रणजीत ५६ हून अधिक सरासरी राखणाऱ्या या फलंदाजाला अधिकृत कसोटी एकही मिळाली नाही. २०१२ मध्ये ते वारले, तेव्हाही धावपुस्तकात ४४३ हाच आकडा होता. मुल्डरचा निर्णय त्याचा त्याच्यापाशी. पण त्याने ज्या धावा आपखुशीने सोडल्या, त्याहून कितीतरी कमी धावांसाठी निंबाळकर बॅट हाती घेऊन तयार होते आणि चेंडू टाकायला समोर कोणी उरले नव्हते.