अभावाचा पुरावा

कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेल्या एखाद्या जुन्या प्रीमियर पद्मिनीच्या ब्रेकचे सिलिंडर दुरुस्त झाले, की नळ्यांत शिरलेली हवा काढावी लागते. कारण ब्रेक ऑइल दाबाने आकसत नाही, हवा आकसते, आणि पायाचा जोर चाकांपर्यंत न पोहोचता तिच्यातच जिरतो. म्हणून एकाने पेडल दाबून धरावे, दुसऱ्याने सर्वांत दूरच्या, म्हणजे मागच्या डाव्या चाकाचे निपल सैल करून, काचेच्या बाटलीतल्या ऑइलात बुडवलेल्या नळीतून निघणारे बुडबुडे पाहावेत, आणि निपल आवळल्यावाचून पेडल सोडू देऊ नये. बुडबुडे थांबले, पण हवा उरली नाही, हे कशावरून? भारतीय दर्शनांत हा वाद जुनाच आहे: नैयायिकांच्या, म्हणजे न्यायदर्शनाच्या अनुयायांच्या, मते अभाव प्रत्यक्षानेच कळतो. भाट्ट मीमांसकांनी त्यासाठी अनुपलब्धी, म्हणजे वस्तू न आढळणे, हे ज्ञानाचे स्वतंत्र प्रमाण मानले, मात्र वस्तू असती तर ती दिसलीच असती, ही अट घातली. गॅरेजात मला भाट्टपक्षच अधिक ग्राह्य वाटतो (नैयायिकांना तिथला वास सोसला असता की नाही, हा मुद्दा अलाहिदा), कारण बाटलीची काच ती अट बिनतक्रार पुरी करते. तथापि एखादा बुडबुडा सिलिंडरच्या माथ्याशी दडला असेल, तर त्याचे न दिसणे हा नसण्याचा दाखला ठरत नाही, आणि पायाखाली मऊ लागणारे पेडल हाच हेतू, म्हणजे हवेची खूण, धरून अनुमानाकडे दाद मागावी लागते.